रत्नागिरीत एवढा पाऊस पडतो, मग मे महिन्यात पाणी जातं कुठे? शहरातल्या घराला काय करता येईल?

रत्नागिरीचा पाऊस रत्नागिरीकरांना वेगळा सांगायला नको. चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरते, छत्री असून नसल्यासारखी होते. वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस इथे पडतो. पुण्यात पडतो त्याच्या साधारण चौपट.

आणि तरीही एप्रिल उजाडला की शहरातल्या गप्पांचा विषय ठरलेला असतो: शीळ धरणात साठा किती उरलाय? मग दिवसाआड पाणी, टँकरसाठी फोन, आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'आज पाणी आलं का?' हा रोजचा प्रश्न.

'पर्यावरणपूरक राहणी' म्हटलं की सोशल मीडियावर बांबूचा टूथब्रश आणि स्टीलचा स्ट्रॉ दिसतो. त्यात वाईट काही नाही. पण प्रत्येक शहराचं दुखणं वेगळं असतं. दिल्लीचं हवेचं आहे, मुंबईचं जागेचं आणि कचऱ्याचं आहे. रत्नागिरीचं पाण्याचं आहे, तेही पाणी नसल्याचं नाही, तर न थांबल्याचं. त्यामुळे इथे घराने कुठलीही सवय बदलायची ठरवली, तर पहिला प्रश्न एकच विचारायचा: यामुळे पाणी थोडं जास्त वेळ थांबेल का?

आधी आकडे पाहूया

२०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी शहराची लोकसंख्या ७६,२२९ आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड देशभर वापरला जातो. म्हणजे या लोकसंख्येला रोज साधारण १ कोटी लिटर पाणी लागतं.

शहराचं क्षेत्रफळ साधारण १० चौरस किलोमीटर. त्यावर ३ मीटर पाऊस पडला, तर होतात ३,००० कोटी लिटर. भागाकार केला तर उत्तर येतं जवळपास आठ वर्षं. एका पावसाळ्यात शहराच्या डोक्यावर आठ वर्षांचं पाणी पडतं आणि आठ महिन्यांत ते संपलेलं असतं.

अर्थात हे सगळं पाणी अडवता येणार नाही आणि अडवायचंही नसतं. ओढे, नद्या, खाड्या, मासे यांनाही ते लागतं. पण कमतरता पावसाची नाही, एवढं या हिशेबातून कळतं. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांपैकी एक असलेल्या मेघालयातल्या चेरापुंजीतही हिवाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. भरपूर पाऊस आणि भरपूर पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग पाणी जातं कुठे?

याची दोन कारणं आहेत: उतार आणि जांभा.

सह्याद्रीपासून समुद्रापर्यंतची कोकणपट्टी साधारण ५० किलोमीटर रुंद. डोंगरावर पडलेलं पाणी काही तासांत खाडीला मिळतं. देशावरच्या नद्यांसारखा शेकडो मैलांचा प्रवास कोकणातल्या नद्यांच्या नशिबी नाही.

दुसरं कारण पायाखाली आहे. रत्नागिरी शहर जांभ्या दगडाच्या सड्यावर आणि त्याच्या उतारावर वसलंय. ज्याचे चिरे काढून इथली घरं बांधली, तोच हा दगड. जांभा सच्छिद्र असतो. पाणी त्यात पटकन मुरतं आणि तितक्याच पटकन खाली निघून जातं. जांभ्याखाली चिकणमातीचा थर लागला की पाणी आडवं सरकतं आणि उतारावर कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर मार्च-एप्रिलमध्ये तळाला जाते, ती यामुळेच.

याचा शहरासाठी एक अर्थ असा: मारुती मंदिर, नाचणे अशा वरच्या भागात मुरलेलं पाणी खालच्या भागातल्या विहिरींना मिळण्याची शक्यता असते. वर अंगणात पूर्ण काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक टाकले, तर ते पाणी न मुरता गटारातून थेट समुद्रात जातं. मांडवी, राजिवडा अशा किनाऱ्याजवळच्या भागांत आणखी एक धोका आहे. तिथल्या विहिरींमधून गोडं पाणी जास्त उपसलं की त्या जागी समुद्राचं खारं पाणी शिरू लागतं. एकदा विहीर खारी झाली की ती पुन्हा गोडी व्हायला बराच काळ लागतो.

नळाचं पाणी कुठून येतं?

रत्नागिरी नगर परिषदेच्या पाणीपुरवठ्याचा मुख्य आधार शीळ धरण आहे. तिथून पंपाने पाणी उचलून शहरात आणलं जातं. म्हणजे नळाच्या प्रत्येक लिटरमागे वीजही खर्च होते. पाणी वाया घालवणं म्हणजे वीजही वाया घालवणं, हे इथे शब्दशः खरं आहे.

पावसाळा लांबला तर काय होतं, हे २०२३ ने दाखवलं. त्या वर्षी ११ जूनला मान्सून रत्नागिरीपर्यंत पोहोचला आणि पुढे जवळपास दोन आठवडे रखडला. मुंबई आणि दिल्लीत तो एकाच दिवशी, २५ जूनला दाखल झाला. त्यामुळे घरातलं नियोजन '७ जूनला पाऊस येणारच' या भरवशावर न करता जूनअखेरपर्यंतचं करणं शहाणपणाचं.

तुमच्या छतावर किती पाणी पडतं?

हिशेब सोपा आहे. छताचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या, त्याला पावसाच्या मिलिमीटरने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. त्यातलं २० टक्के बाष्पीभवन, गळती आणि धुण्यात गेलं असं धरून वजा करा.

१,००० चौरस फुटांचं छत म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. त्यावर ३,००० मिमी पाऊस म्हणजे २ लाख ७९ हजार लिटर. २० टक्के वजा केले तरी २ लाख २३ हजार लिटर उरतात. चार माणसांच्या घराला १३५ लिटरच्या हिशेबाने रोज ५४० लिटर लागतात. म्हणजे एका घराच्या छतावर त्या घराचं ४१३ दिवसांचं पाणी पडतं.

पण एवढी टाकी कोण बांधणार? कुणीच नाही, आणि गरजही नाही. सगळं पाणी साठवायचं नसून अडचणीच्या दिवसांपुरतं साठवायचं आहे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी १० लिटर धरले, तर चार जणांना रोज ४० लिटर लागतात. ५,००० लिटरची एक टाकी त्यांना १२५ दिवस पुरते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून जूनअखेरपर्यंतचा काळ त्यात निघतो.

आणि ही टाकी भरायला किती पाऊस लागतो? वरच्याच छतावर ६७-६८ मिमी. जुलैतल्या एखाद्या चांगल्या दिवसात एवढा पाऊस रत्नागिरीत सहज पडतो.

पागोळीचं पाणी कसं धरायचं?

कोकणात छपराच्या कडेवरून पडणाऱ्या धारेला 'पागोळी' म्हणतात. जुन्या कौलारू घरांत पागोळीखाली हंडे-कळश्या ठेवायची पद्धत होतीच. आता त्याला थोडी शिस्त लावायची.

शहरातल्या कित्येक बिल्डिंगांनी गच्ची गळू नये म्हणून वर पत्र्याची शेड घातली आहे. पाणी गोळा करायला ती उत्तम. उतार तयार आहे, पृष्ठभाग स्वच्छ राहतो, पाणी जिरत नाही. फक्त कडेला पन्हळ लावायची आणि तिचा पाइप टाकीकडे वळवायचा. पत्रे जुने सिमेंटचे असतील किंवा गंजलेले असतील, तर ते पाणी पिण्यासाठी न घेता धुण्या-पुसण्याला वापरावं.

चार गोष्टी सांभाळायच्या:

- पहिला पाऊस सोडून द्या. आठ-नऊ महिन्यांची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, पालापाचोळा त्यात असतो. पाइपला एक वेगळी तोटी किंवा झाकणाची जोडणी ठेवली की हे पाणी बाहेर काढता येतं. पावसात मोठा खंड पडला तर पुन्हा तसंच करायचं. १०० चौरस मीटर छतासाठी प्रत्येक वेळी निदान १०० लिटर पाणी सोडावं.
- गाळण ठेवा. वाळू आणि खडीच्या थरांचा ड्रम आणि तोंडाला बारीक जाळी, एवढ्याने बरंच काम होतं. दर पावसाळ्याआधी वाळू धुवायची.
- टाकी पूर्ण झाकलेली हवी. उजेड गेला की शेवाळ धरतं आणि फट राहिली की डास अंडी घालतात. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, त्यामुळे झाकण आणि जाळी यांत हयगय नको.
- साठवणीचं पाणी शेवटी भरा. पावसाळाभर टाकीतलं पाणी वापरत राहा. सप्टेंबरमध्ये टाकी स्वच्छ करून परतीच्या सरींनी पुन्हा भरा. तोवर छप्पर धुऊन निघालेलं असतं आणि पाणीही ताजं मिळतं.

पिण्यासाठी वापरण्याआधी पाणी तपासून घ्यावं आणि उकळून किंवा निर्जंतुक करून प्यावं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांमध्ये पाण्याची तपासणी होते. टाकी प्लास्टिकची, चिऱ्याची किंवा फेरोसिमेंटची असू शकते. फेरोसिमेंट म्हणजे जाळीवर सिमेंटचा पातळ थर. जलवर्धिनी प्रतिष्ठान ही संस्था कोकणात अशा टाक्या बांधायचं तंत्र शिकवत आली आहे.

साठवायचं की मुरवायचं?

पावसाच्या पाण्याबद्दलचे बहुतेक व्हिडिओ जमिनीत खड्डा घेऊन पाणी मुरवायला सांगतात. पठारावरच्या शहरांसाठी ते ठीक आहे. रत्नागिरीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते: जांभ्यात मुरवलं म्हणजे साठलं असं होत नाही. जुलैमध्ये मुरवलेलं पाणी मे महिन्यात तुमच्याच विहिरीत असेल याची खात्री नसते.

म्हणून मुरवू नये का? मुरवावंच. त्याने भूजलाला आधार मिळतो, उतारावरचे झरे टिकतात आणि किनाऱ्याजवळ खारं पाणी मागे रेटलं जातं. पण पिण्याच्या पाण्याची हमी हवी असेल तर टाकी, आणि परिसराचं पाणी टिकवायचं असेल तर मुरवण, असा साधा नियम धरता येईल. विहीर असेल तर छताचं पाणी गाळून तिच्यात सोडता येतं. परतीच्या पावसाचं पाणी यासाठी जास्त उपयोगाचं, कारण तेव्हा विहिरीची पातळी उतरणीला लागलेली असते.

ग्रामीण भागात दर वर्षी पावसाळा संपताना वनराई बंधारे, विजय बंधारे, कच्चे बंधारे घातले जातात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्याचं पाणी अडवलं जातं. त्यामागचं तत्त्व हेच आहे: पाऊस संपताना जे वाहतंय, ते थोडं थांबवा. शहरातल्या अंगणात हेच काम झाडं, गवत, पाचोळा आणि मोकळी माती करतात. गाडी उभी करण्यापुरती जागा पक्की करून उरलेलं अंगण मोकळं ठेवलं, तरी मोठा फरक पडतो.

सोसायटी असेल तर?

राज्यात डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था बंधनकारक आहे. नवीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेताना ती व्यवस्था फक्त नकाशात आहे की प्रत्यक्षात चालते, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे.

जुन्या सोसायटीचा हिशेब बघू. ४,००० चौरस फूट गच्ची म्हणजे ३७२ चौरस मीटर. वर्षाला हाती येऊ शकणारं पाणी सुमारे ८ लाख ९० हजार लिटर. १०,००० लिटरचा एक टँकर धरला, तर जवळपास ९० टँकर. सगळं साठणार नाही, पण सोसायटीच्या सभेत खर्चाचा विषय निघाला की मागच्या उन्हाळ्यातली टँकरची बिलं आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवावा. पावसाळ्याचे चार महिने निदान फ्लश, धुणी आणि जिने-गाड्या धुण्यासाठी छताचं पाणी वापरलं, तरी धरणाचं पाणी तेवढं वाचतं. बिल्डिंगच्या आवारात जुनी विहीर असेल तर ती बुजवू नये. गाळ काढून, जाळी लावून ती वापरात ठेवावी.

घरातलं पाणी नेमकं कुठे जातं?

पिण्याला सगळ्यात कमी पाणी लागतं. जास्त जातं ते फ्लश, आंघोळ आणि कपडे धुण्यात.

फ्लश. जुन्या टाकीतून एका वेळी १० लिटर पाणी जातं असं धरू. चार माणसं दिवसाला पाच-पाच वेळा वापरत असतील तर रोज २०० लिटर होतात. दोन बटणांच्या नव्या टाकीत कमी पाण्यासाठी ३ आणि जास्तीसाठी ६ लिटर जातात. तिथे हाच वापर ७२ लिटरवर येतो. रोजची बचत १२८ लिटर, एप्रिल-मे या दोन महिन्यांत साडेसात हजार लिटरच्या वर. टाकी बदलणं शक्य नसेल तर जुन्या टाकीत पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली ठेवा. दर फ्लशला एक लिटर वाचतो.

गळती. फ्लशच्या टाकीत थोडं हळदीचं पाणी टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. खाली भांड्यात पिवळं पाणी दिसलं तर टाकी गळते आहे. ठिबकणाऱ्या नळाखाली रात्रभर पातेलं ठेवा. सकाळी त्यात जे जमलेलं असेल, ते वॉशर बदलण्यासाठी पुरेसं कारण ठरेल.

आंघोळ. साधा शॉवर मिनिटाला ८ ते १० लिटर पाणी सोडतो. आठ मिनिटांत ६४ ते ८० लिटर. बादलीने आंघोळ केली तर २० लिटरमध्ये काम होतं.

आरओ. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण तीन लिटर पाणी बाहेर टाकतं. आरओचं मुख्य काम क्षार काढण्याचं आहे. पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात, असं भारतीय मानक सांगतं. ज्या भागात क्षार यापेक्षा कमी आहेत तिथे आरओवर बंदी घालावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये दिला होता. त्यामुळे यंत्र घेण्याआधी क्षार मोजून घ्या. प्रमाण कमी असेल तर यूव्ही यंत्र किंवा उकळलेलं पाणी पुरतं. किनाऱ्याजवळच्या खाऱ्या विहिरीचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. घरात आरओ असेलच, तर त्याचं सोडलेलं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला किंवा फ्लशला वापरता येतं.

एवढ्याने काय होतं, असं वाटू शकतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरावर २०१८ मध्ये नळ बंद पडायची वेळ आली होती. तेव्हा १ फेब्रुवारीपासून तिथे माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली गेली. नळ बंद करण्याचा तो दिवस शेवटी आलाच नाही. त्यात प्रशासनाच्या उपायांचा आणि पुढे आलेल्या पावसाचा वाटा होता, तसा घराघरांतल्या बचतीचाही होता.

वापरलेलं पाणी पुन्हा वापरता येतं का?

कोकणातल्या परसात केळी आणि अळू कुठे असतं? न्हाणीच्या किंवा मोरीच्या पाण्यावर. सांडपाण्याचा पुनर्वापर हा शब्द यायच्या खूप आधीपासून घराघरांत ही पद्धत आहे. शहरातही ज्यांच्याकडे थोडं अंगण आहे, त्यांना आंघोळीचं आणि भाजी धुतल्याचं पाणी झाडांना देता येतं. साबण कमी वापरायचा, पाणी साठवून न ठेवता त्याच दिवशी द्यायचं आणि पालेभाजीवर थेट शिंपडायचं नाही, एवढं पथ्य पाळायचं. फ्लॅटमध्ये वॉशिंग मशीनचं शेवटच्या धुण्याचं पाणी ड्रममध्ये धरून फ्लशला वापरता येतं.

संडासाचं पाणी मात्र वेगळाच विषय. ज्या घरांचं मैलापाणी सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्यात जातं, त्यांनी जांभ्याचा गुण विसरू नये. पावसाचं पाणी जसं जांभ्यातून पटकन खाली जातं, तसंच हेही जातं आणि शेजारच्या विहिरीत पोहोचू शकतं. विहीर आणि शोषखड्डा यांत निदान १५ मीटर अंतर सहसा धरतात, जांभ्यात ते जितकं जास्त तितकं चांगलं. टाकीतला मैला दर दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावा. टाकी भरून वाहेपर्यंत थांबणं म्हणजे आळीतल्या सगळ्यांच्या विहिरींशी खेळणं.

कचऱ्याचा आणि पाण्याचा काय संबंध?

उतारावरच्या शहरात गटारात टाकलेली वस्तू समुद्रात जायला फार वेळ लागत नाही. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. देशभरात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्याही बंद झाल्या. नियम असले तरी पहिल्या मोठ्या पावसात गटार तुंबवणारी पिशवी कुणाच्या तरी घरातूनच निघालेली असते. मासळी बाजाराला जाताना घरचा डबा नेणं हा यावरचा सगळ्यात सोपा उपाय.

ओला कचरा घरातच जिरवला तर त्याचं खत होतं, आणि खत घातलेली माती पाणी जास्त वेळ धरते. कोकणातल्या दमट पावसाळ्यात खताच्या डब्यात पाणी साचून वास येतो, म्हणून त्या महिन्यांत सुका पाला किंवा नारळाचा भुसा जास्त घालायचा. अंगणातला आंब्या-फणसाचा पाला जाळू नये. तोच झाडांच्या बुंध्याशी पसरला की जमिनीतली ओल टिकते आणि उन्हाळ्यात झाडांना पाणी कमी द्यावं लागतं.

आणि वीज?

बोअरवेल, विहीर, गच्चीवरची टाकी, सगळीकडे पंप आहेच. छतावरचे सौर पॅनल हा खर्च कमी करतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटसाठी किलोवॉटमागे ३० हजार आणि तिसऱ्यासाठी १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजार रुपयांचं अनुदान आहे. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी, म्हणजे पंप, जिन्यातले दिवे, लिफ्ट यांच्यासाठी किलोवॉटमागे १८ हजार रुपये मिळतात. पावसाळ्यात ढगांमुळे निर्मिती घटते, हे गृहीत धरून वर्षाचा हिशेब करावा. खाऱ्या हवेत सांगाडा गंजतो, त्यामुळे त्याच्या गंजरोधक लेपाची चौकशी आधीच करावी. आणि हो, पॅनलवर पडणारं पावसाचं पाणीही पन्हळीने धरता येतं.

भाड्याच्या घरात राहत असाल तर?

टाकी बांधणं तुमच्या हातात नाही, पण फ्लशमधली बाटली, गळती दुरुस्ती, नळाला पाण्याची धार कमी करणारी जाळी, बादलीची आंघोळ आणि धुण्याचं पाणी पुन्हा वापरणं हे सगळं आजपासून करता येतं. बाल्कनीत पागोळी येत असेल तर झाकणाचा एक ड्रमही पुरेसा आहे.

वर्षाचं वेळापत्रक

- एप्रिल-मे: छप्पर आणि पन्हळ साफ करा, गाळणीची वाळू धुवा, सेप्टिक टँक तपासा, गळती दुरुस्त करा.
- जून: पहिला पाऊस सोडा, मग पाणी धरायला सुरुवात करा.
- जुलै-ऑगस्ट: धुणं, फ्लश, सफाईसाठी छताचं पाणी वापरा. आठवड्यातून एकदा उघड्यावर साचलेलं पाणी ओतून द्या.
- सप्टेंबर-ऑक्टोबर: टाकी धुऊन शेवटच्या सरींनी भरा, जास्तीचं पाणी विहिरीत सोडा.
- नोव्हेंबर-जानेवारी: विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून लिहून ठेवा. झाडांना पाल्याचं आच्छादन करा.
- फेब्रुवारीनंतर: साठवलेलं पाणी फक्त पिण्या-स्वयंपाकासाठी वापरायला काढा.

घराने सगळं केलं तर प्रश्न सुटेल?

नाही. जुन्या जलवाहिन्यांतून होणारी गळती, धरणातला गाळ, सांडपाण्यावरची प्रक्रिया, नव्या बांधकामांना परवानगी देताना पाण्याचा विचार, ही कामं नगर परिषदेची आणि सरकारची आहेत. त्यांची जागा बाटली किंवा ड्रम घेऊ शकत नाही. नागरिकांनी बचत करायची आणि रस्त्यावर फुटलेली पाइपलाइन चार दिवस वाहत राहायची, असं झालं तर लोक बचत सोडून देतील, आणि त्यात त्यांचा दोष नसेल. त्यामुळे घरात पाणी वाचवणं आणि वॉर्डात त्याबद्दल प्रश्न विचारणं, ही दोन्ही कामं सोबत करावी लागतील.

घराच्या बाजूने सुरुवात करायची तर येत्या पावसात एक काम करा. गच्चीचं किंवा छपराचं माप घ्या, वर दिलेला गुणाकार करा आणि आलेला आकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाका. पुढची चर्चा तिथूनच सुरू होईल.